उलट टपाल : विद्यार्थी, शिक्षक आणि मधले यंत्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालविता, ते आपल्या विद्यार्थ्यांच्या पत्रांना उलट टपाली उत्तर धाडीत, असे येथील जुनी मंडळी सांगतात. शाळा सोडून गेलेल्या मुलाने पोस्टकार्ड टाकावे आणि आठवडाभरात गुरुजींचे अक्षर त्याच्या दारी यावे, ही गोष्ट त्या काळीही दुर्मीळच होती. नव्या संपर्कसाधनांनी महाविद्यालयातील विद्यार्थी व शिक्षक यांना कितपत जोडले, हा विषय आज माझ्याकडे दिलेला आहे. बारडोलीत मी अनेक वर्षे हिशेबशास्त्र शिकविले. त्या अनुभवाच्या आधारे चार शब्द बोलतो.

बारडोलीचे नाव निघाले की 1928 चा सत्याग्रह आठवतो. शेतसाऱ्यात सुमारे 22 टक्क्यांची वाढ सरकारने केली आणि वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली तालुक्याने सारा भरण्याचे नाकारले. ही हकीगत आपणांस ठाऊक आहे. मला तिच्यातील संपर्काची व्यवस्था विशेष महत्त्वाची वाटते. त्या लढ्याची एक रोजची पत्रिका निघे. तिचे काम जुगतराम दवे पाहत. पण पत्रिका वाटणे एवढेच स्वयंसेवकांचे काम नव्हते. गावात काय घडले, कोणाच्या घरी जप्ती आली, कोण डळमळीत झाला, ही खबर ते परत आणीत. जप्तीदार दिसताच गावात ढोल वाजे आणि घरांना कुलपे लागत. म्हणजे वरून खाली निरोप जात होता, तसाच खालून वरही येत होता. अखेर चौकशी समितीने ती वाढ 6.03 टक्क्यांवर आणली. या यशाचे श्रेय अनेक कारणांना आहे; परंतु त्या दुतर्फा वाटेचा वाटा मी मोठा मानतो.

स्वातंत्र्यानंतर शिक्षणासाठी जी यंत्रे आपण वापरली, त्यांची वाट बव्हंशी एकतर्फी होती. 1975-76 साली अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. तो प्रयोग थोरच होता. 15 ऑगस्ट 1984 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केले. भारदस्त इंग्रजीतील ती व्याख्याने आमच्या तालुक्यातील किती मुलांना कळली असतील, हा प्रश्न मी तेव्हाही विचारीत असे. पडद्यावरच्या प्राध्यापकांना मात्र तो विचारण्याची सोय नव्हती. त्यातल्या त्यात आपल्या गुजरातेतील पीज केंद्राचे उदाहरण निराळे. तेथील निर्माते खेडा जिल्ह्यातील गावांत जाऊन गावकऱ्यांनाच बोलते करीत. त्या कार्याला 1984 साली युनेस्कोचे ग्रामीण संपर्काचे पारितोषिक मिळाले. पुढे 20 सप्टेंबर 2004 रोजी 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठी सोडलेला आपला पहिला उपग्रह आकाशात गेला, आणि दूरच्या वर्गातील विद्यार्थ्याला प्रश्न विचारता येऊ लागला. तथापि त्यासाठी त्याला त्या ठरावीक खोलीत, त्या ठरावीक वेळी हजर राहावे लागे.

2016 नंतर मोबाईलवरील डेटा स्वस्त झाला आणि ही खोली विद्यार्थ्याच्या खिशात आली. येथे मला एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगितली पाहिजे. बारडोलीच्या परिसरात साखर कारखाने आहेत, आणि ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. नवराबायकोच्या जोडीला येथे 'कोयता' म्हणतात आणि त्यांच्या झोपड्यांच्या वस्तीला 'पडाव'. ही मुलगी अशाच कोयत्याची. घरात अहिराणी, शाळा मराठी, महाविद्यालय गुजराती. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसे. दोन वर्षांत तिने एकदाही हात वर केला नाही. एका रात्री तिचा ध्वनिसंदेश आला. अर्धा मराठीत, अर्धा गुजरातीत, मागे कुत्री भुंकत होती. ती विचारीत होती, "सर, घटत्या शिलकेवर दरवर्षी घसारा काढत गेलो, तर वस्तूची किंमत शून्य कधी होणार? आणि होणारच नसेल, तर मोडलेली गाडी हिशेबात जिवंत राहणार काय?"

हा प्रश्न उत्तम होता. शंभर रुपयांचे दहा टक्के काढले की नव्वद उरतात, नव्वदाचे काढले की एक्क्याऐंशी. उरणे संपत नाही. म्हणून वस्तू मोडीत काढताना उरलेली रक्कम नुकसान म्हणून एकदम लिहावी लागते. मी तिला तसे उत्तर धाडले आणि दुसऱ्या दिवशी, नाव न सांगता, तो प्रश्न फळ्यावर मांडला. बऱ्याच माना हलल्या; शंका अनेकांना होती, विचारण्याचे धैर्य कोणाला नव्हते. भाषेची लाज, कपड्यांची लाज, आपण हसले जाऊ ही भीती, हे सारे त्या लहानशा यंत्राने एका रात्रीपुरते बाजूला सारले होते. यंत्राची एवढी थोरवी मी अवश्य मान्य करतो.

आता दुसरी बाजू. 2018 साली व्हॉट्सअ‍ॅपवर अशी सोय आली की समूहात केवळ चालकानेच लिहावे, इतरांनी वाचावे. सुप्रभातांच्या आणि सणांच्या शुभेच्छांच्या पुराला कंटाळलेल्या आम्हा शिक्षकांना ती वरदानासारखी वाटली, हेही खरे. परंतु पाहता पाहता बहुतेक वर्गांचे समूह असे मुके झाले. उत्तर देण्याची जी शक्ती प्रथमच विद्यार्थ्याच्या हाती आली होती, तीच आपण एका कळीने बंद केली. मग त्या समूहात आणि 1984 च्या पडद्यात फरक काय उरला?

याहून गंभीर गोष्ट एका महाविद्यालयात घडलेली मी जवळून पाहिली. परीक्षेचा अर्ज भरण्याची अंतिम तारीख केवळ समूहावर कळविण्यात आली. सूचनाफलक कोरा होता. एका विद्यार्थ्याच्या घरी एकच फोन, आणि तो बाप उसाच्या फडात घेऊन गेलेला. नेमका तोडणीचा हंगाम. मुलाला कळेपर्यंत तारीख उलटून गेली. "संदेश पाठविला होता" असे त्याला सांगण्यात आले. दोन खुणा उमटल्या, म्हणजे संदेश पोहोचला. कोणाच्या फोनपर्यंत, हे कोणी पाहिले नाही. 25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी सुरू झाल्यानंतर असे विद्यार्थी किती होते, हे प्रत्येक शिक्षकाने आपल्या हजेरीपटावर पाहिलेच आहे. टाळेबंदी उठली, ती सवय मात्र राहिली.

शिक्षक म्हणतील, रात्री अकराला येणाऱ्या प्रश्नांना आम्ही किती उत्तरे द्यावीत? त्यांची तक्रार रास्त आहे. शिक्षकालाही घर आहे. मी स्वतः संध्याकाळी सात ते आठ हा तास ठरवून ठेवला होता. त्यानंतर आलेल्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी उत्तर. विद्यार्थ्यांनी ते पाळले. मुलींनी शिक्षकांना एकेकटे लिहावे का, असेही पालक विचारतात. त्यांची काळजी मला पटते. म्हणून वर्गाचा खुला समूह असावा, आणि ज्याला संकोच वाटतो त्याने वर्गप्रतिनिधीमार्फत प्रश्न पाठवावा, म्हणजे नाव झाकलेले राहते.

आपल्या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण आज महाविद्यालयांत शिकवितात. ताप्ती लाइनच्या गाडीने सोनगड, व्यारा, नवापूरहून रोज अप-डाऊन करणारी मुले त्यांच्यासमोर बसतात. त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की वर्षारंभी हजेरीपटावर प्रत्येक नावापुढे एक रकाना जादा आखावा : फोन स्वतःचा, घरचा की नाहीच. जेथे 'नाहीच' लिहिले जाईल, त्या मुलाच्या गावचा किंवा त्याच गाडीचा एक सोबती शोधून त्याच्यावर निरोपाची जबाबदारी द्यावी, आणि निरोप मिळाल्याची खबर त्याच्याकडून परत मागावी. मी हे चार वर्षे केले. पहिल्या वर्षी साठांच्या वर्गात अकरा नावांपुढे 'नाहीच' होते. चौथ्या वर्षी तीन उरली. त्या तिघांसाठी सूचनाफलकावर कागद लागत राहिला.

 आता विद्यार्थ्यांना काही विचारावयाचे असल्यास त्यांनी विचारावे, वेळ आहे.