गोल करवतीची समांतर पट्टी

सुतारकामाची हौस असलेला मनुष्य यंत्र विकत घेतांना प्रथम काय पाहतो? मोटरची अश्वशक्ति पाहतो, पात्याचा व्यास पाहतो, ओतीव लोखंडाच्या मेजाचें वजन पाहतो. मेजावरून इकडून तिकडे सरकणारी एक लांबट पट्टी मात्र त्याच्या नजरेंत भरत नाहीं. वास्तविक यंत्रावर होणाऱ्या कामाचा नेटकेपणा आणि तें काम करणाराच्या बोटांची सुरक्षितता, या दोन्ही गोष्टी पुष्कळ अंशीं त्या पट्टीवरच अवलंबून असतात.

हें यंत्र म्हणजे मेजाच्या फटींतून वर डोकावणारी गोल करवत. कारागीर त्याला ‘टेबल सॉ’ म्हणतात. फळी लांबीच्या दिशेनें चिरावयाची झाल्यास तिची एक कड या पट्टीला टेकवून ती पात्याकडे ढकलीत न्यावयाची असते. पट्टी आणि पातें यांत जेवढें अंतर, तेवढ्या रुंदीचा तुकडा हातीं येतो. या पट्टीस ‘फेन्स’ असें नांव आहे. यंत्राबरोबर आलेली फेन्स काढून तिच्या जागीं निराळ्या कारखान्याची फेन्स बसविण्याचा प्रघात अमेरिकेंतील हौशी कारागिरांत आहे, आणि त्यासाठीं तेथें तिचे अनेक प्रकार बाजारांत मिळतात. त्यांतून निवड कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. पण तो तसा नाहीं.

दहा इंच व्यासाचें पातें मिनिटाला सुमारें ४००० फेरे घेतें. म्हणजे त्याच्या दात्यांचा वेग ताशीं सुमारें १९० किलोमीटर होतो. समोरच्या बाजूचे दाते लांकूड मेजाकडे दाबतात, परंतु पाठीमागचे दाते खालून वर येत असतात. फेन्स पात्याला समांतर असेल तर चिरलेलें लांकूड त्यांच्या बाजूनें निर्वेध पुढें जातें. परंतु फेन्सचें मागचें टोक पात्याकडे थोडेंसें जरी कललेलें असलें, तरी लांकूड त्या दोहोंच्या चिमट्यांत सांपडतें, मागचे दाते तें वर उचलतात आणि ढकलणाराच्याच अंगावर भिरकावून देतात. लांकूड असें एकाएकीं निसटलें कीं त्यावर टेकलेला हात पात्यावर जाण्याची भीति असते. हें सारें पापणी लवण्याच्या आंत घडतें. सावध होण्यास अवसर उरत नाहीं. म्हणून फेन्सचा पहिला गुण हा कीं, आवळल्यावर ती प्रत्येक वेळीं समांतरच राहिली पाहिजे.

जुन्या यंत्रांत नेमकी हीच अडचण असे. अमेरिकेंत डेल्टा कंपनीनें १९३९ सालीं ‘युनिसॉ’ नांवाचें प्रसिद्ध यंत्र काढलें. त्या काळच्या अशा यंत्रांवरील फेन्स पुढच्या व मागच्या अशा दोन्ही रुळांवर आवळली जाई. एक टोक आधीं आवळलें गेलें आणि दुसरें किंचित् सरकलें, कीं समांतरपणा गेला! म्हणून जाणता कारागीर दर खेपेस पुढें आणि मागें अशी दोन ठिकाणीं मोजणी करी. पुढें १९७० नंतरच्या दशकांत ॲरिझोना राज्यांतील विल्यम बीसमायर यानें या अडचणीवर तोड काढली. नकाशे काढणारे जो ‘टी’ अक्षराच्या आकाराचा गुण्या वापरतात, त्याचेंच तत्त्व त्यानें उचललें. मेजाच्या पुढील कडेस एक जाड पोलादी चौकोनी नळी. तिच्यावर बसणारा रुंद आडवा तुकडा. आणि त्या तुकड्याला काटकोनांत जोडलेली फेन्स. दांडा दाबला कीं रुंद तुकडा नळीशीं घट्ट भिडतो आणि काटकोन आपोआप साधतो. मागें आवळावयाचें कांहीं उरतच नाहीं. आज अनेक कारखानदार याच नमुन्याच्या फेन्स करतात.

दुसऱ्या एका प्रकारांत ॲल्युमिनियमची फेन्स पुढेंमागें सरकवितां येते. तिचें टोक पात्याच्या मध्यापाशींच ठेवलें म्हणजे चिरलेल्या लांकडास पलीकडे मोकळी जागा मिळते. तिसऱ्या प्रकारांत दातेरी पट्ट्या एकमेकींत गुंतवून इंचाच्या बत्तिसाव्या भागाच्या टप्प्यांनीं अंतर कायम करतात. पेट्यांच्या कोपऱ्यांचे बारीक सांधे करणाऱ्यास तो उपयोगी. नुसत्या फळ्या चिरणाऱ्यास त्याची गरज क्वचितच पडते.

जाहिरातींतील विशेषणें बाजूस ठेवून गिऱ्हाइकानें चार परीक्षा कराव्या. मेजावर पात्याला समांतर अशी एक खांच असते. फेन्स आवळून त्या खांचेपासून तिचें अंतर पुढें व मागें मोजावें. असें दहा वेळां करावें. आपल्याकडील सुतार इंचाचे आठ सूत मानतो. येथें मात्र सुताच्या दहाव्या हिश्शाचा फरकहि मोठाच समजावा. आवळलेल्या फेन्सचें मागचें टोक आंगठ्यानें बाजूस रेटून पाहावें. तें हलतां कामा नये. मेजावर गुण्या उभा करून तिचें तोंड काटकोनांत आहे कीं नाहीं तें पाहावें. आणि मोजपट्टीवरील काटा डोळ्यांच्या अंदाजानें न जुळवितां, एक तुकडा कापून त्याच्या मापावरून जुळवावा. कमीअधिक जाडीचें पातें बसविल्यास तो पुन्हां तपासावा.

रुळाची लांबी गरजेप्रमाणें घ्यावी. बाजारांत ३० आणि ५२ इंच रुंदीपर्यंत चिरणारे रूळ मिळतात. प्लायवुडचा तक्ता ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असतो. त्याचे उभे दोन भाग करण्यास ३० इंच पुरतात. तो आडवा मधोमध कापावयाचा तर ४८ इंच अंतर लागतें, आणि तेथें लांब रूळ कामास येतो. पण लहान खोलींत तोच जाण्यायेण्याच्या आड येतो.

नवी फेन्स घेण्यापूर्वीं मात्र जुनीवर अन्याय होत नाहीं ना, हें पाहावें. कित्येकदां दोष पात्याचा असतो. तेंच खांचेशीं समांतर नसतें, आणि मग कितीहि भारी फेन्स आणली तरी ती व्यर्थ. पातें नीट करून घेतलें, रुळांवर मेण घासलें, ढिले बोल्ट आवळले, तर जुनी फेन्सहि पुष्कळदां ताळ्यावर येते. इतकें करूनहि ती दहांतून एकदां जरी तिरकी बसली, तर ती बदलावी. तेथें पैशाकडे पाहूं नये. नवीचे रूळ मेजाच्या भोंकांशीं जुळतात, कीं ओतीव लोखंडाला नवीं भोंकें पाडावीं लागतील, हेंहि आधींच विचारून घ्यावें.

उत्तम फेन्स म्हणजे अभयदान नव्हे. पात्यामागें उभें असणारें पातळ पोलादी पान चिरलेली फट मिटूं देत नाहीं. तें काढून ठेवूं नये. अरुंद तुकडा बोटांनीं न ढकलतां काठीनें ढकलावा. लहान तुकडा आडवा कापतांना त्याचें टोक फेन्सला टेकवूं नये, कारण कापलेला भाग तिच्या व पात्याच्या मध्यें अडकतो. फळी बिघडली तर दुसरी आणतां येते. बोटांची गोष्ट तशी नाहीं, आणि म्हणूनच ही निवड घाईनें करूं नये.