यंत्र आलं, जबाबदारी कुणाची?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सरकारी कार्यालयात संगणक आला, मोबाईल आला. आपला त्याला विरोध नाही. २०१८ साली डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला आणि उताऱ्यासाठी तलाठ्यामागे हिंडणं कमी झालं. असं तंत्रज्ञान आपल्याला हवंच आहे. आपला सवाल एवढाच, की काम यंत्रावर गेलं तेव्हा ते पडलं कुणाच्या अंगावर?

पेरा लिहिणं हे तलाठ्याचं काम. चावडीत बसून गेल्या सालचाच पेरा पुढं ओढायचा. शेतात पऱ्हाटी आणि कागदावर ज्वारी, असे घोळ व्हायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आता आपणच शेतात उभं राहून फोटो काढायचा, नोंद करायची. खरा पेरा लागायची सोय झाली. पण ज्याच्याकडे साधा फोन आहे त्यानं काय करायचं? ज्या बहिणीनं स्मार्टफोन कधी हाताळला नाही, पण सातबारा तिच्या नावावर आहे, तिनं काय करायचं?

आता कापसाचं बघा. एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागत. २०२५ च्या हंगामात भारतीय कपास निगमानं ‘कपास किसान’ अ‍ॅप आणलं. नोंदणी त्यावर, माल आणायची तारीखही त्यावर. नोंदणी १ सप्टेंबरला सुरू झाली. पुढं मुदत वाढवावी लागली. लांब धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. नोंदणी राहिली त्याला हा भाव कागदावरच. त्याला मग खेडा खरेदीवाला देईल तो भाव. पेऱ्याची नोंद चुकली तरी गत तीच. गाडी घरी उभी राहिली, रांग फोनमध्ये शिरली.

यंत्र अडलं की खिडकीवर उत्तर मिळतं, “सर्व्हर डाऊन आहे.” हे उत्तर नव्हे. नुसतं अ‍ॅप आणून कारभार सुधारत नाही. खिडकीवरच्या माणसाला ते चालवता आलं पाहिजे, चूक दुरुस्त करता आली पाहिजे, आणि तसा अधिकारही त्याला पाहिजे.

राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला मुदत आहे, अर्जाची पोच आहे, अपील आहे, कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. पण कपास निगम केंद्राचं. हा राज्याचा कायदा त्याला लागू नाही. म्हणून आपल्या मागण्या नीट मांडू या :

१. हंगामात ग्रामपंचायतीत नोंदणीचं टेबल लावा, त्यावर शिकलेला माणूस बसवा.
२. पेरा किंवा नोंदणी चुकली तर कागदी अर्ज घ्या, तारखेची पोच द्या, मुदतीत दुरुस्ती करा.
३. यंत्र बंद पडलं तेवढे दिवस मुदत आपोआप वाढवा.

आणि आपलं काम? ज्याची नोंद राहिली त्याची गाववार यादी करा. गावातल्या दोन शिकलेल्या पोरापोरींना सोबत घ्या. यादी घेऊनच तहसीलवर जाऊ. तोंडी तक्रार हवेत विरते. पोच घेतलेला अर्ज दप्तरात राहतो.