मत मागणाऱ्यास काय विचारावे?



ग्रामपंचायतीची निवडणूक आली की उमेदवार दारी येतो आणि "मी आपल्या जातीचा" एवढ्यावर मत मागतो. जातीने विहिरीला पाणी येत नाही! आमचा हा धाराशिव जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात होता. तेव्हा कुणब्या-कोष्ट्याचे मत कोण विचारी? पुढे १९५२ च्या निवडणुकीत ते हाती आले. एका जेवणावळीपायी देऊन टाकावयाचे काय?

सभासद कसा असावा, हे जोतीराव फुल्यांनी दाखविले आहे. १८७६ साली ते पुणे नगरपालिकेत गेले, तेही सरकारने नेमलेले म्हणून. तरी १८८० साली व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतास हजार रुपये खर्चण्याचे निघाले, तेव्हा ते एकटे विरोधात उभे राहिले. तो पैसा शिक्षणाकडे लावा म्हणाले. नेमणाऱ्याची भीड त्यांनी धरली नाही. मग आमच्या मतांवर निवडून येणाऱ्याने कंत्राटदाराची भीड का धरावी?

म्हणून आम्ही विचारतो. टँकर आधी कोणत्या वस्तीला जाईल? वर्षाच्या चारही ग्रामसभा भरवून जमाखर्च वाचून दाखवाल काय? निम्म्या जागा बायांच्या. तेथे सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, असे तर नव्हे ना? (हे शाळेतल्या मुलीसुद्धा आता विचारतात.) उत्तर चावडीवर, चारचौघांत द्यावे. घरी येऊन कानात सांगितलेले आम्ही धरणार नाही.