फुलपाखरांची अंडी आणि तुरीचे शेत



बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांत तूर फुलोऱ्यावर आली की आपली दृष्टी शेंगांकडे लागते. आज मात्र मी आपले लक्ष त्याही अगोदरच्या अवस्थेकडे, म्हणजे अंड्यांकडे वेधणार आहे.

फुलपाखराचे अंडे कोंबडीच्या अंड्यासारखे गुळगुळीतच असते, असा आपला समज असतो. लिंबाच्या कोवळ्या पानावर फुलपाखरू जे फिकट पिवळे अंडे घालते, ते खरोखरच गुळगुळीत व वाटोळे असते. परंतु बांधावरच्या रुईचे पान उलटून भिंगातून पाहावे. तेथील अंडे घुमटासारखे असून त्यावर उभ्या कडा कोरलेल्या दिसतात. तरवडावरील पिवळ्या फुलपाखराचे अंडे चातीसारखे उभट असते. अंड्याच्या माथ्यावर एक अतिसूक्ष्म द्वार असते. नराचे बीज त्यातून आत जाते. कवचातील छिद्रांतून आतील जीव श्वास घेतो. या कडांमुळे पातळ कवचास बळकटी येते. आपल्या गोलघुमटाची आठवण व्हावी, असेच हे बांधकाम आहे!

आता तुरीकडे वळू. शेपटीच्या लहान निळ्या फुलपाखराचे अंडे कळीवर चपट्या चकतीसारखे दिसते व त्यावर जाळीदार नक्षी असते. त्याची अळीही कळ्या व शेंगा खाते. तथापि खरा शत्रू निराळाच आहे. घाटेअळीचा पतंग रात्री कळ्यांवर व कोवळ्या पानांवर एकेक अंडे सुटे घालतो. ते सुमारे अर्धा मिलिमीटर, पिवळसर पांढरे व तळाशी चपटे असते. त्यावर सुमारे २४ उभ्या कडा असतात. फुटण्यापूर्वी ते काळपट होते आणि तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते. एकदा ती शेंगेत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण. १९९७-९८ च्या हंगामात पावसाने व या अळीने या भागातील तुरीची जी दैना केली, ती वडीलधारी मंडळी विसरलेली नाहीत.

ट्रायकोग्रामा नावाची चिमुकली गांधीलमाशी या अंड्यांतच आपली अंडी घालते. ज्वारीवर तिचे कार्य उत्तम चालते. तुरीवर मात्र फारच थोडे. म्हणून तुरीबाबत तिच्यावर विसंबून राहता येत नाही. पतंगांची चाहूल घेण्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. फुलोऱ्याच्या काळात आठवड्यातून दोनदा शेतात निरनिराळ्या ठिकाणची झाडे निवडून कळ्या भिंगाखाली तपासाव्यात. अंडी आढळताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. अळ्या मोठ्या झाल्या असल्यास, खाली कापड अंथरून झाडे हलवण्याची कलबुर्गीकडील जुनी रीत आजही उपयोगी पडते. पडलेल्या अळ्या गोळा करून त्याच दिवशी नष्ट कराव्यात.