निरोगी देहावर अहोरात्र पहारा कशासाठी?

(वार्षिक सभेतील भाषण)



दंडावर नाण्याएवढा सेन्सर लावला की दहा-पंधरा दिवस साखरेचा आलेख मोबाईलवर उमटत राहतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असा सेन्सर डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास प्रथमच मान्यता दिली. साहजिकच, मधुमेह नसलेल्यांनीही तो लावावा काय, असा प्रश्न पुढे आला आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांना, विशेषतः टाइप १ मधुमेहाच्या मुलांना, हे साधन वरदान आहे. मध्यरात्री साखर घसरली तर ते आईवडिलांना सावध करते. प्रसंगी मुलाचे प्राण वाचवते. निरोगी देहात मात्र हा पहारा स्वादुपिंड स्वतःच करीत असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मधुमेह नसलेल्यांची साखर सुमारे ९६ टक्के वेळ ७० ते १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मर्यादेत आढळली. दिवसाकाठी अर्धा तास ती १४० च्या वर गेली. पुरणपोळीनंतर आलेख थोडा चढणे म्हणजे रोग नव्हे. शिवाय सेन्सर प्रत्यक्ष रक्तातील नव्हे, तर त्वचेखालील द्रवातील साखर मोजतो. त्या दंडावर भार देऊन झोपल्यास तो खोटी घसरणही दाखवतो. अशा आकड्यांच्या धास्तीने फळे वा कडधान्ये वर्ज्य केली, तर पदरी हानीच येईल. सेन्सरमुळे निरोगी माणसाचे आजार टळतात, हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

खरी निकड अन्यत्र आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्ती आहेत. त्यांतील अनेकांना आपल्या स्थितीची कल्पनाच नसते. त्यांना शोधण्यास उपाशीपोटी रक्ततपासणी आणि एचबीएवनसी पुरेशी आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींचा धोका आहार व व्यायामाने २८.५ टक्क्यांनी घटतो, हे चेन्नईतील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले.

घराण्यात मधुमेह असेल, वजन वाढले असेल किंवा गर्भारपण असेल, तर तपासणी अवश्य करावी. सेन्सरचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. आणि दात्यांनो, सेन्सरसाठी आपण द्याल तो रुपया प्रथम इन्सुलिनवर जगणाऱ्या गरीब मुलाच्या दंडापर्यंत पोहोचावा, अशी आमची नम्र विनंती आहे.