पांढरं बोंड, काळा बुंधा: चेन्नईच्या बाल्कनीतली सक्युलंट्स

चेन्नईतल्या मराठी घरांतून दोन प्रश्न सतत येतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काय दिसतंय? आणि परवापर्यंत धडधाकट असलेलं रोप बुंध्यात मऊ कसं पडलं? पहिली कीड, दुसरी कूज. एकीचं औषध दुसरीला दिलं तर रोप हातचं जातं.

आधी इथलं पंचांग. पुण्या-नाशिकची सवय अशी की दसरा झाला, पाऊस गेला, दिवाळीच्या सुट्टीत कुंड्या बदलून टाकू. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा! २०१५ चा महापूर आणि २०२३ चं मिचाँग वादळ, दोन्हींचा डिसेंबर आठवा. ताजी दुखावलेली मुळं अशा ओलीत ठेवणं म्हणजे कुजीला आमंत्रण. इथे कुंडी बदलायची ती जानेवारी-फेब्रुवारीत. एचेव्हेरियासारख्या थंड रात्री मागणाऱ्या जाती इथे हळव्याच असतात. अडेनियम, कोरफड, सान्सेव्हेरिया मात्र मजेत राहतात.

आता ते पांढरं. पानभर एकसारखी भुकटी असेल, तर ती झाडाची स्वतःची मेणाची साय आहे, पुसू नका. बोंडं बोंडं असतील तर काडीने एक उचकटून पाहा. खाली मऊ किडा निघाला की तो पिठ्या ढेकूण. याला बुरशी समजून बुरशीनाशक मारणारे खूप भेटतात; किडा त्याने मरत नाही. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट इअर बडवर घेऊन प्रत्येक बोंडाला टेकवा. आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबलेलं बरं. अंडी मागाहून फुटतात, म्हणून दर आठवड्याला, निदान महिनाभर करा. मुंग्यांचाही बंदोबस्त हवा. किड्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याला राखतात. त्या चिकट्यावर चढणारी काळी काजळी ओल्या फडक्याने पुसली की जाते. आणि पाणी मिळूनही रोप सुरकुतत असेल तर कुंडीतून काढून मुळं बघा, पांढरं तिथेही असतं.

जाता जाता एक गंमत. याच किड्याच्या गोतावळ्यातल्या कोचिनीलपासून लाल रंग काढायचा, म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस डॉ. जेम्स अँडरसन यांनी इथल्या सैदापेटला निवडुंगाची बाग केली होती. आपण मारतो तो किडा पोसायचा खटाटोप! पुढे ब्राझीलहून हिंदुस्थानात आलेल्या कोचिनीलने रंग बेताचाच दिला, निवडुंग मात्र फस्त केला.

आता कूज. तहानलेलं पान सुरकुततं, पण चिवट राहतं. कुजणारं पान पिवळट, पाणीदार होऊन धक्क्याने गळतं. बुंधा दाबून पाहा. मऊ किंवा काळा लागला तर पाणी बंद, आणि वाट न बघता कापा. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या, प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. काप स्वच्छ दिसेपर्यंत वर सरकत राहा. मधोमध तपकिरी ठिपका उरला तरी कूज वर चढलेलीच आहे. अडेनियम, युफोर्बिया कापताना हातमोजे घाला, चीक विषारी असतो.

कार्बेन्डाझिम टाकलं तरी वाचलं नाही, असं पुष्कळजण सांगतात. पाणथळ मातीत मुळं कुजवणारे पिथियम आणि फायटोफ्थोरा हे खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत, त्यांच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. मेटॅलॅक्सिल चालतं. पण घरच्या चार कुंड्यांना माझं मत विचाराल तर ब्लेड आणि कोरडेपणा आधी, पुडी नंतर.

निरोगी शेंडा सावलीत वाळवा. पुस्तकातले तीन-चार दिवस इथल्या दमट हवेत पुरत नाहीत. आठवडाभर पंख्याखाली ठेवा. काप कोरडा, कडक झाला की जाड वाळू आणि विटेच्या चुऱ्यात टेकवा. पहिला आठवडा पाणी नाही. मुळं फुटायला काही आठवडे लागतील, तोवर रोज उपटून बघू नका.