दहावीचं वर्ष आणि नाचणारे पाय



जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की नृत्याच्या वर्गांमधून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बाई, यंदा हिची दहावी आहे, एक वर्ष क्लास बंद ठेवतो." पुढच्या जूनमध्ये अकरावी येते, तिच्यासोबत नीटचा नाहीतर जेईईचा क्लास येतो, मग बारावी. ती मुलगी सहसा परत येत नाही. मुलगे तर मुळात आलेलेच नसतात. आज मला या वर्षांबद्दल बोलायचं आहे. उदाहरण घेणार आहे बॅलेचं, कारण वयाच्या बाबतीत इतका कडक हिशेब मागणारे नृत्यप्रकार थोडे.

बॅलेत नर्तक साधारण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कंपनीत, म्हणजे पगारी नृत्यसंघात, दाखल होतो आणि पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास बहुतेकांचं रंगमंचावरचं आयुष्य संपतं. म्हणून घडण्याची वर्षं दहा ते अठरा. रशियात सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकादमी १७३८ पासून चालू आहे. तिथे मुलं दहाव्या वर्षाच्या आसपास येतात आणि आठ वर्षं शिकतात. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये अकराव्या वर्षापासून निवासी शिक्षण मिळतं, शाळेच्या अभ्यासासकट. तिथे गणित आणि नाच एकमेकांच्या आड येत नाहीत. वेळापत्रकच तसं बसवलेलं असतं.

एवढ्या लहानपणी सुरुवात का, याचं उत्तर शरीरात आहे. बॅलेच्या पाचही मूळ पोझिशनमध्ये पाय बाहेरच्या बाजूला वळलेले असतात. हे वळण खुब्यातून यावं लागतं. खुब्यात ते नसताना गुडघा आणि घोटा पिळून पाऊल बाहेर काढलं, तर दिसायला ते बरोबर दिसतं आणि काही वर्षांत गुडघा जातो. वाढत्या वयात स्नायू हळूहळू हे वळण पेलायला शिकतात, म्हणून रोजचा वर्ग आडव्या दांड्याला, बारला धरून सुरू होतो. आधी प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं, मग जमिनीवरून पाऊल सरकवणं, मग पाय उचलणं. त्यानंतर दांडा सोडून मधोमध तोल, गिरक्या आणि शेवटी उड्या. जगातली सर्वांत नावाजलेली नर्तिकासुद्धा सकाळी हाच क्रम करते.

आईवडिलांसाठी दोन गोष्टी इथेच सांगते. गुलाबी सॅटिनच्या पॉइंट बुटांचं आकर्षण फार असतं. त्यांचं टोक कापड आणि कागदाचे थर गोंदानं चिकटवून कडक केलेलं असतं आणि अख्ख्या शरीराचा भार त्या टोकावर येतो. काही वर्षांचा पाया झाल्यावर, घोटे आणि पाठ मजबूत झाल्यावर, साधारण अकरा-बारा वर्षांच्या पुढे चांगले शिक्षक ते बूट घालू देतात. सात-आठ वर्षांच्या मुलींना ते चढवून फोटो काढणारा वर्ग दिसला, तर मुलीला घेऊन बाहेर पडा. दुसरी गोष्ट जमिनीची. शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर रोज उड्या मारल्या की नडगीची हाडं दुखावतात. खालून पोकळ, किंचित लवणारी लाकडी जमीन हवी. कथकच्या ततकारालाही, म्हणजे पायांनी धरलेल्या ठेक्यालाही, हे लागू आहे.

आजच्या कंपन्यांना केवळ शास्त्रीय बॅले येणारा नर्तक पुरत नाही. कंटेम्पररी, म्हणजे समकालीन नृत्यात पाठीचा कणा आकसतो, सैल होतो, शरीर जमिनीवर लोळतं, पडतं, उठतं. बॅले वर झेपावायला शिकवतो, तर कंटेम्पररी स्वतःचं वजन खाली सोडायला. पंधरा ते अठरा वयाच्या नर्तकांसाठी स्वित्झर्लंडमध्ये प्री द लोझान ही स्पर्धा १९७३ पासून होते. तिथे दोन्ही प्रकार सादर करावे लागतात.

हे सगळं परदेशातलं, असं कुणी म्हणेल. पण मुंबईच्या एका वेल्डरचा मुलगा, अमिरुद्दीन शाह, २०१७ मध्ये रॉयल बॅले स्कूलमध्ये पोहोचला. त्याला घडवलं येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकी गुरूंनी, ॲश्ले लोबो यांच्या डान्सवर्क्समध्ये. त्याच वर्गात मनीष चौहान होता, टॅक्सीचालकाचा मुलगा. सूनी तारापोरवाला यांचा २०२० सालचा 'ये बॅले' हा चित्रपट या दोघांवरून बेतलेला आहे. अमिरुद्दीनच्या लंडनच्या खर्चासाठी लोकांकडून पैसे उभे करावे लागले. दोघांची हिंमत थोरच, पण त्यांना उशिरा सुरुवात करून धावत सगळं गाठावं लागलं, हे विसरू नये.

त्याहून जुनी गोष्ट कथक नर्तकी दमयंती जोशींची. १९२८ साली मुंबईत जन्मलेली ही मराठी मुलगी नृत्यांगना मादाम मेनका यांच्या संघात वाढली. रशियन बॅले नर्तिका आना पावलोवाकडून प्रोत्साहन मिळालेल्या मेनकांनी कथकला समूहनृत्याचं रूप दिलं, १९३६ ते ३८ मध्ये युरोपभर कार्यक्रम केले आणि पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. दमयंतीच्या आईनं, वत्सला जोशींनी, मुलगी मेनकांच्या हाती सोपवली पण स्वतः तिचा हातही सोडला नाही. त्या काळात एका आईनं घेतलेला हा निर्णय मला फार मोठा वाटतो. दमयंती जोशींना १९७० मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि आपलं शहर, औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर? शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला तो तेराव्या शतकात, शहराजवळच्या देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असताना. त्याचा सातवा अध्याय पूर्ण नृत्याचा आहे आणि त्यात हवेत उडी घेऊन करायच्या उत्प्लुती करणांचं वर्णन आहे. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात वादक स्त्रियांच्या मधोमध नाचणारी नर्तकी आजही उभी आहे. शहरातल्या एमजीएम या शिक्षणसंस्थेच्या आवारात १९९६ पासून महागामी गुरुकुल आहे. पार्वती दत्ता तिथे ओडिसी आणि कथक गुरुकुल पद्धतीनं शिकवतात. रोजचा रियाज, गुरूची नजर, शरीराची शिस्त या बाबतींत ओडिसीचा चौक, म्हणजे तिथली मूळ बैठक, साधणारी मुलगी आणि बारला उभी असलेली मुलगी यांच्या कष्टांत फरक नाही.

शास्त्रीय नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, हे बऱ्याच पालकांना माहीत आहे. ते मिळावेत. पण गुण पदरात पडले की घुंगरू माळ्यावर टाकायचे, हे मला पटत नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. दहावीच्या वर्षी स्पर्धा, गॅदरिंग, कार्यक्रम सगळं थांबवा, पण रोजचा तासभराचा रियाज बंद करू नका. मुलीच्या गुरूंशी बोला, ते वेळ जुळवून देतील. आणि तुमचा मुलगा "मला नाच शिकायचाय" म्हणाला, तर त्याला हसू नका. याच जूनमध्ये त्याचं नाव नोंदवा.